पिनेजवळची जागा

अर्धी वाट सरली तेव्हा सासूबाईंनी बाळ या हातावरून त्या हातावर घेतलं.

बाळ कसलं, पिन होती ती. मनगटाएवढी जाड, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पोलादी, तेलकट. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, आणि वजन म्हणाल तर धडधाकट तान्ह्या पोराइतकं. खांद्यावर घेतली तर हाडाला टोचते, पिशवीत घातली तर पिशवीचे बंद तुटतात. म्हणून सासूबाईंनी ती छातीशी धरली होती आणि चालता चालता तिला नकळत झुलवत होत्या. सोबत सून होती. हे लिहिणारी तीच. पण गोष्ट तिची नाही, म्हणून आपणही तिला सूनच म्हणू.

पुलाची डागडुजी चालली होती. गाड्या बंद, पायी माणसं तेवढी सोडत होते. ट्रॅक्टर पुलापलीकडे, दवाखान्याच्या मागच्या बागेत अडकून पडला होता. त्याच्या पाठीमागे खणायचा लांब लोखंडी हात बसवलेला, आणि त्या हाताच्या टोकाची बकेट ज्या पिनेवर फिरते, ती पिन सकाळी बोल्ट सैल होऊन निम्मी बाहेर सरकली. जोर बसताच वाकली. जादाची पिन घरी. सासरे ट्रॅक्टर सोडून हलणारे नव्हेत, मुलगा दुसऱ्या गावी कामावर. मग काय, सासूबाई पायी निघाल्या, घरी आल्या, घोटभर पाणी प्यायल्या, पिन उचलली आणि उलट पावली चालू लागल्या. सुनेनं पायात चपला सरकवल्या.

"तू कशाला?"

"निम्मी वाट मी धरीन."

"बरी धरशील. आमचं बाळ परक्याकडे जात नाही, रडतं."

पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा झेंडा घेऊन उभा होता. त्याने या दोघींना पाहिलं, टॉवेलातलं गाठोडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर माया दाटून आली.

"अहो बाई, बाळाच्या तोंडावर ऊन येतंय. टॉवेल ओढा जरा पुढे."

"राहू द्या हो," सासूबाई म्हणाल्या. "याला ऊन लागत नाही. बापावर गेलंय. अंगानं लोखंड आणि तोंडानं मुकं."

म्हातारा बिचारा गोंधळून बघत राहिला. सून पूल संपेपर्यंत हसत होती. पूल संपता संपता तिला आठवलं की आपल्याला आज यांना काहीतरी सांगायचं आहे, आणि हसू मावळलं.

सांगायचं होतं ते असं.

सासूबाईंना कामावर सगळे पिनवाल्या मावशी म्हणत. सासऱ्यांना म्हणत मुनी, कारण ते बोलत नसत. मुनी वर सीटवर, मावशी खाली पिनेजवळ, असा त्यांचा संसार. बकेट बदलायची म्हणजे दोन माणसं लागतातच. एकानं वर बसून दांड्यांनी तो लोखंडी हात बोटभर इकडे, नखभर तिकडे हलवायचा; दुसऱ्यानं खाली उभं राहून बघायचं, हाताचं भोक आणि बकेटची भोकं एका रेषेत आली की "बस" म्हणायचं, आणि पिन आत ठोकायची. आता बाजारात एक नवी वस्तू आली होती, कपलर. हाताच्या टोकाला एकदा तो आकडा बसवला की काम झालं. पिना बकेटमध्येच कायम राहतात, आकडा वरून येऊन त्यांना पकडतो, सीटवरूनच दांडी ओढायची की कुलूप लागतं. खाली माणूस नको, घण नको, चिमटणारी बोटं नकोत. मुलाने तो ठरवून टाकला होता. सोमवारी बसवायला माणूस येणार होता. सासऱ्यांनी चित्र पाहिलं आणि "हं" म्हणाले. आईला सांगायचं काम मात्र मुलाने अलगद बायकोच्या गळ्यात बांधलं.

"तू सांग. तुझं ऐकते ती."

"आणि तुझं?"

"माझं ऐकून घेते. फरक आहे."

तर सून ते ओझं घेऊन चालली होती. सासूबाईंच्या हातातल्या पिनेपेक्षा ते जड होतं, कारण ते हात बदलून घेता येत नव्हतं.

"आई," तिने पूल ओलांडल्यावर सुरुवात केली, "तुम्हाला दमायला होत नाही का आता?"

"होतं की. तुला नाही होत?"

संपलं. विषय तिथेच मेला.

थोडं पुढे गेल्यावर तिने पुन्हा धीर केला. "हल्ली किती नवीन नवीन गोष्टी निघाल्यात, नाही?"

"निघाल्यात. परवा एक बाई सांगत होती, आपोआप झाडणारा झाडू निघालाय. मी म्हटलं, कोपऱ्यात बसून आपोआप कुरकुरतो का? मग आमच्याकडे मी आधीच आहे."

तिसऱ्यांदा सून तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई थांबल्या. रस्त्याकडेच्या एका कट्ट्यावर टेकल्या, पिन मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "कपलरचं सांगायचंय ना? मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्याने. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. काल जेवताना मला विचारतो, आई, तुझ्या हातांना आता आराम मिळाला तर तू काय करशील गं? मी त्याला नऊ महिने पोटात ठेवलंय. मला कळत नसेल?"

 सुनेला वाटलं, आता या रडतील किंवा चिडतील. सासूबाई दोन्हीपैकी काहीच करेनात. टॉवेलाचं सुटलेलं टोक त्यांनी नीट खोचलं.

"तुमच्या बोटांसाठीच ठरवलं त्यांनी, आई."

"तेच तर. माझ्या वाईटासाठी केलं असतं तर चार शब्द सुनावले असते, मोकळी झाले असते. भल्यासाठी केलंय, तर रागावता पण येत नाही. कुठे ठेवू हा राग?"

आणि मग, बोलायचं नव्हतं तरी, त्या बोलत गेल्या.

लग्नाआधी त्या कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायच्या. लग्नानंतर घरी. सासऱ्यांच्या हाताखाली तेव्हा एक गडी होता. तो एक दिवस चांगली नोकरी लागली म्हणून दुपारी घण खाली ठेवून निघून गेला. नेमक्या त्याच दुपारी या डबा घेऊन पोचल्या. बघतात तो नवरा एकटाच सीटवरून खाली उतरतोय, पिन लावून बघतोय, भोक जुळत नाही म्हणून पुन्हा वर चढतोय, दांडी हलवतोय, पुन्हा खाली. घामाने चिंब. बोलत मात्र काही नाही. डबा मातीत ठेवून या म्हणाल्या, "तुम्ही वर बसा. मी सांगते." आणि सांगितलं. वर. अजून वर. जरा पुढे. बस. पिन लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

"तेव्हापासून मी तिथेच उभी आहे. डबा घ्यायलासुद्धा परत वळले नाही म्हण ना."

तशा त्या बडबड्या. घरी त्या बोलत आणि मुनी ऐकत, किंवा ऐकत नसत, समजायला मार्ग नव्हता. "भिंतीलाही कान असतात म्हणे," त्या म्हणत, "आमच्याकडे भिंतीलाच आहेत." पण पिनेजवळ तसं नव्हतं. पिनेजवळ त्यांनी "वर" म्हटलं की अवजड लोखंड वर जाई. "बस" म्हटलं की जागच्या जागी थिजे. दिवसातून दोनदा, कधी चारदा, एक माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत जिवाचा कान करून ऐके.

"संसारात हे कुणाला मिळतं सांग," त्या म्हणाल्या. "देवाने मला दिलं. मी रोज त्याचे आभार मानते. आता तो म्हणाला, पुरे झालं, तर पुरे. पण वाईट वाटायला काय, परवानगी लागत नाही."

सुनेला तेव्हा तिचे पहिले दिवस आठवले. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. मीठ हवं असलं तरी मागायची नाही, अळणी जेवायची. सासूबाईंनी दोन आठवडे पाहिलं आणि एका सकाळी तिला कामावर नेलं, ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "इथे ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू येत नाही. तहान लागली तर ओरड. कंटाळा आला तर ओरड. मला शिव्या द्यायच्या असल्या तरी दे, इंजिन चालू आहे तोवर." दुपारपर्यंत सून ओरडून पाणी मागत होती. संध्याकाळी घरी तिने मीठ मागितलं. सासूबाईंनी मिठाचा डबा पुढे सरकवला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या डब्याचे आभार मानायचे राहून गेले होते. कट्ट्यावर बसल्या बसल्या तिने ते मानले. सासूबाई म्हणाल्या, "मिठाचे आभार मानतेस? मग लोणच्याचे कधी मानशील? चल, ऊठ."

पुढच्या वाटेवर त्यांनी अबोल्याची गोष्ट सांगितली. घरात सगळ्यांना थोडी थोडी ठाऊक होती, पण पुरती कुणी सांगितली नव्हती.

झालं होतं असं की आपल्या नणंदेच्या घरी, चारचौघांत, सासूबाई बोलून गेल्या, "हे दिवसभर तोंड उघडत नाहीत आणि रात्री झोपेत गातात." सगळे पोट धरून हसले. मुनी हसले नाहीत. दोघांचा अबोला सुरू झाला. आता मुनींचा अबोला ओळखायचा कसा, हाच आधी प्रश्न. सासूबाईंना तो कळला तो त्यांचं "हं" बंद झालं त्यावरून. मग त्यांनाही मान होता, त्याही बोलेनात. पण पोट कुणासाठी थांबत नाही. कामावर जायचं, बकेट बदलायची. मग सासूबाईंनी तोंडाऐवजी हात वापरायला सुरुवात केली. पंजा वर केला की वर, खाली केला की खाली, मूठ म्हणजे बस. चार दिवस छान चाललं. एक दिवस भोकं जुळली, त्यांनी मूठ दाखवली, पिन लावायला डावा हात पुढे नेला, आणि त्यांच्या कानाशी माशी आली. उजव्या पंजाने त्यांनी माशी हाकलली.

"यांना वाटलं, वर."

बकेट वीतभर सरकली. हातमोज्याचं बोट लोखंडात राहिलं. बोट बाहेर आलं. कसं आलं ते देवाला ठाऊक.

इंजिन बंद झालं. मुनींनी सीटवरून उडी मारली, पायऱ्या उतरण्याइतकासुद्धा धीर नव्हता. बायकोचा मोजा ओढून काढला, दुसराही काढला, आणि तिथेच मातीत गुडघे टेकून तिची बोटं मोजायला लागले. मोठ्याने. एक, दोन, तीन.

"दहापर्यंत मोजलं गं त्यांनी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं सलग बोलताना मी त्यांना तेवढंच ऐकलंय."

त्या दिवसापासून दोन रिवाज पडले. पहिला, पिनेजवळ अबोला नाही. घरी कितीही वाजलेलं असो, तिथे वर, खाली आणि बस हे शब्द तोंडानेच बोलायचे. दुसरा रिवाज किल्लीचा. भोकं जुळली की मुनी इंजिन बंद करत, किल्ली काढत आणि खाली बायकोकडे फेकत. ती झेलून सासूबाई खिशात घालत, मगच हात पुढे. किल्ली त्यांच्या खिशात आहे तोवर जगातलं कुठलंही लोखंड हलू शकत नव्हतं. भोक जुळलंय का ते बघायला बोट घालणंही बंद झालं. त्यासाठी एका मोडक्या लाकडी चमच्याचा दांडा होता. "मोडला तर चमचा मोडेल," त्या म्हणत, "तो तर आधीच मोडका आहे."

आणि रोज संध्याकाळी, अंगणातल्या नळावर हात धुताना, त्या दहाही बोटं पसरून देवाला दाखवत. "मोजून घे. दिलीस तेवढी परत आणली." एवढीच त्यांची प्रार्थना. सून पहिल्यांदा ऐकून हसली होती. नंतर तिलाही ती सवय लागली, भाजी चिरून झाली की.

दवाखान्याच्या बागेत पोचल्या तेव्हा मुनी वाकलेली पिन ठोकून बाहेर काढून, भोकं पुसून, सावलीत बसले होते. समोर चर अर्धवट खणलेला. शेजारी तीन बकेटा उपड्या पडलेल्या. घरात त्यांना नावं होती. वीतभर तोंडाची ती सुई, नळाच्या पाइपापुरता अरुंद चर काढायला. पाच दात असलेली ती वाघीण, कठीण जमिनीला. आणि रुंद, दात नसलेली, सपाट ओठाची ती बोळकी. माती पसरायला, चर साफ करायला आणि जिथे जपून जायचं तिथे.

मुनींनी बायकोकडे पाहिलं, पिनेकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "हं," म्हणाले. त्या एका अक्षरात 'आलात, दमलात, बसा, पाणी तिथे आहे' इतकं सगळं होतं. ऐकणाऱ्याला सवय हवी.

ते वर चढले. वाघीणच पुन्हा लावायची, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. सकाळपासून तीच चालली होती. सासूबाई मात्र चराच्या तोंडाशी वाकून मातीकडे बघत होत्या.

"अहो, वाघीण नको. बोळकी लावा."

मुनींनी भुवया उंचावल्या.

"भुवया काय उडवता? खाली या नि बघा. इथपर्यंत माती पिवळी, सलग. इथून पुढे काळी, भुसभुशीत, मध्येच विटेचा तुकडा. ही कुणीतरी आधी उकरून भरलेली आहे. खाली काहीतरी पुरलंय. जुना पाइप असेल."

"पाइप त्या बाजूला," मुनी म्हणाले. दोन शब्दांच्या वर! म्हणजे त्यांना खरंच घाई होती.

"कुणी सांगितलं? ज्याने पुरला तो आता सांगायला येणार आहे का? दात लागला तर दवाखान्याचं सगळं सांडपाणी आपल्या गळ्यात. खड्डा बघून बकेट लावावी माणसाने."

मुनी खाली उतरले. वाकले. चिमूटभर माती बोटांत चुरली. वरून पाहताना दोन्ही माती सारखीच दिसत होती, उन्हात सगळंच करडं. ते काही न बोलता वर गेले आणि लोखंडी हात बोळकीकडे वळवला.

मग सुनेनं तो खेळ पुन्हा एकदा पाहिला. कितीदा पाहिला होता, पण त्या दिवशी ती वेगळ्या डोळ्यांनी बघत होती, कारण सोमवारनंतर तो असणार नव्हता.

"वर. जरा वर. पुढे... पुढे... अहो पुढे म्हणजे माझ्याकडे, पलीकडच्या शेजारणीकडे नव्हे. हां. खाली, केसभर. बस!"

इंजिन थांबलं. एकदम इतकी शांतता झाली की दवाखान्याच्या खिडकीतून कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं. किल्ली हवेत चमकली. सासूबाईंनी ती न बघता झेलली, खिशात घातली, चमच्याचा दांडा भोकातून आरपार घालून पाहिला, आणि इतकी वाट छातीशी धरून आणलेलं ते बाळ टॉवेलातून काढून, ग्रीस लावून, हळूच आत सरकवलं. घणाचे दोन टोले. बोल्ट. मग वाघिणीतून काढून ठेवलेली दुसरी पिन. झालं.

"घे रे बाबा, बस आता तिथे, रडू नकोस," त्या पिनेला म्हणाल्या, आणि किल्ली वर फेकली.

बोळकीने माती ताक ढवळावी तशी हलक्या हाताने खरवडायला सुरुवात केली. थर निघाला, दुसरा निघाला. मग खाली काहीतरी तांबूस, गोल दिसलं. जुना भाजलेल्या मातीचा पाइप, साधा ओरखडासुद्धा न लागलेला. सासूबाई "बस" म्हणाल्या आणि बोळकी तिथेच थबकली.

मुनी त्या पाइपाकडे बघत राहिले. मग बायकोकडे. बराच वेळ. "हं" सुद्धा म्हणाले नाहीत.

सोमवारी कपलर बसवायला फिटर आला. तरुण, चटपटीत, स्वभावाने गोड. दुपारपर्यंत त्याने घरामागच्या अंगणात आकडा बसवला, नळ्या जोडल्या, दांडी दाखवली. मुलगा नव्या खेळण्याभोवती फिरावं तसा ट्रॅक्टरभोवती फिरत होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. भांडी घासून झाली होती, तरी एक पातेलं त्या घासतच होत्या.

"आई, चला ना बघायला," सून म्हणाली.

"काय बघायचं? लग्न दुसऱ्याचं."

पण त्या आल्या. आल्या आणि पाय आपोआप नेहमीच्या जागी जाऊन थांबले, लोखंडी हाताच्या डाव्या बाजूला, चार पावलांवर. हातात चमच्याचा दांडा. तो त्यांनी कधी उचलला ते त्यांनाही कळलं नसावं.

मुनी वर बसले. आकडा खाली आला, वाघिणीच्या पिनेला वरून भिडला, बकेट किंचित उचलली, मागे वळली, आणि दांडी ओढताच कट्कन आवाज झाला. पापणी लवते न लवते तोच. ना वर, ना खाली, ना बस. वाघीण हाताला लटकून तयार.

"बघितलंस, आई!" मुलगा ओरडला. "सुंठीवाचून खोकला गेला!"

"गेला बाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दांडा पाठीमागे लपवला. हसल्याही. सुनेला ते हसू बघवेना, म्हणून तिने खाली पाहिलं.

तेवढ्यात इंजिन बंद झालं.

सगळे वर बघायला लागले. मुनी मागे वळले, किल्ली काढली, आणि नेहमीसारखीच, न सांगता, खाली फेकली. सासूबाईंचा हात तयार नव्हता, तरी तो वर गेला. किल्ली तळव्यात टपकन बसली.

"बघ गं," मुनी म्हणाले. "बसलंय का नीट."

फिटर हसून म्हणाला, "काका, खाली उतरून बघायला नको. ती लाल खूण आहे ना, ती दिसेनाशी झाली की कुलूप लागलं. सीटवरून दिसते."

"मला नाही दिसत."

आता हे काही खरं नव्हतं. त्याच सकाळी मुनींनी औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय वाचून दाखवली होती, आणि सुनेला ती चष्मा लावूनही वाचता आली नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्या पायावर पाय दिला.

"वरून दिसत नाही," मुनी पुन्हा म्हणाले. "खालून दिसतं. त्या दिवशी माती दिसली तशी." आणि इतकं बोलल्यामुळे दमल्यासारखे सीटला टेकून बसले.

 सासूबाईंनी किल्ली खिशात घातली. पदर खोचावा तशी बाही वर सरकवली. आकड्याजवळ गेल्या, वाकल्या, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, लाल खूण पाहिली, दांड्याने कुलपाच्या खिळीवर टकटक केलं, आणि उगाच जरा जास्तच वेळ घेतला. वर बसलेला माणूस तोवर हात मांडीवर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. जिवाचा कान करून.

"बसलंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "चांगलं बसलंय हो."

किल्ली वर गेली.

फिटर जाताना मुलाला म्हणाला, खाली उतरून बघणारा माणूस असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, लोक आळस करतात. मुलगा मान डोलावत राहिला, जणू ही सगळी कल्पना त्याचीच होती. आपल्याकडे काम चांगलं झालं की त्याला बाप फार मिळतात.

संध्याकाळी सासूबाई नळावर हात धूत होत्या. ग्रीस फारसं लागलेलंच नव्हतं, तरी त्यांनी साबण नेहमीइतकाच चोळला. बोटं पसरली. "मोजून घे," त्या म्हणाल्या. मग रोजच्यापेक्षा थोडं जास्त बोलल्या, पण हळू. ते देवासाठी होतं, सुनेनं कान दुसरीकडे केले. तिने टॉवेल पुढे केला. तोच जुना, पिन गुंडाळलेला, धुतला तरी वास न गेलेला.

सासूबाईंनी हात पुसले, आणि टॉवेल परत देताना त्याचं एक टोक धरूनच ठेवलं.

"एक मागते तुझ्याकडे. हसू नकोस. गुडघे माझे आता कुरकुरतात, त्या आपोआप झाडणाऱ्या झाडूसारखे. एक दिवस मी अंगणापर्यंत येईन, कामावर येणार नाही. वर तुझा नवरा बसेल. पोरगा गुणी आहे, पण घाईचा आहे, आणि त्याला वाटतं सगळं वरून दिसतं. त्या दिवशी खाली तू उभी राहा. बकेट कुठलीही असो, नवा आकडा असो की जुनी पिन, किल्ली तुझ्या हातात आल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नकोस. तो विसरला तर माग. हसला तरी माग. आणि घरी तुमचं काय वाजलंय, कोण आधी बोलायचं, ते घरी ठेवा. तिथे मात्र त्याच्याशी बोल गं. तेवढे तीन शब्द तरी बोल. करशील एवढं?"